बेटावर ग्लॅम्पिंग : पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी क्रमवार मार्गदर्शन

बेटावरच्या ग्लॅम्पिंगची सहल ठरवताना बहुतेक नवखे लोक आधी तंबूंची छायाचित्रे पाहतात, त्यांतला एखादा मनात भरला की तारीख पक्की करतात आणि तिथे पोहोचायचे कसे याचा विचार सर्वांत शेवटी करतात. हा क्रम उलटा आहे. डोंगरात किंवा शेतात उभारलेल्या तंबूपर्यंत केव्हाही गाडीने जाता येते आणि हवा बिघडली तर त्याच रात्री परतही येता येते. बेटावर मात्र बोटीचे वेळापत्रक, भरती-ओहोटी, वारा आणि गोड्या पाण्याचा साठा या चार गोष्टी मुक्काम कसा होणार हे ठरवतात, आणि त्यांतली एक जरी चुकली तरी मऊ गादीने ती उणीव भरून निघत नाही. म्हणून पुढच्या पायऱ्या ज्या क्रमाने दिल्या आहेत त्याच क्रमाने घ्याव्यात, असा माझा आग्रह आहे : आधी तारीख, मग प्रवास, मग जागा आणि तंबू त्यानंतर.

ग्लॅमर आणि कॅम्पिंग यांच्या जोडणीतून तयार झालेला ‘ग्लॅम्पिंग’ हा शब्द ऑक्सफर्डच्या इंग्रजी कोशात २०१६ साली दाखल झाला. कल्पना मात्र फार जुनी आहे. जून १५२० मध्ये इंग्लंडचा राजा आठवा हेन्री आणि फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्सिस आजच्या फ्रान्समधल्या कॅले शहराजवळ भेटले, तेव्हा तिथे जरीच्या कापडाचे इतके तंबू आणि शामियाने उभे होते की ती भेट इतिहासात ‘फील्ड ऑफ द क्लॉथ ऑफ गोल्ड’ याच नावाने राहिली. आजच्या ग्लॅम्पिंगचा अर्थ त्या मानाने साधा आहे. राहुटी आधीच उभारलेली असते, आत खरी खाट आणि स्वच्छ अंथरूण असते, स्नानगृह आत किंवा जवळच असते आणि पाहुण्याने आपली पिशवी घेऊन यायचे असते. मेखा ठोकण्याची मेहनत वाचते. कापडाच्या भिंतीपलीकडचा समुद्र आणि वारा मात्र जसेच्या तसे राहतात.

पहिली पायरी : चंद्र पाहून तारीख ठरवा

त्या प्रदेशातला वादळांचा आणि मुसळधार पावसाचा हंगाम आधी बाजूला काढावा. अटलांटिक महासागरात, उदाहरणार्थ, १ जून ते ३० नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा हंगाम मानला जातो. प्रत्येक समुद्राचा असा स्वतःचा काळ असतो आणि तो तिथल्या हवामान खात्याच्या माहितीत सहज सापडतो. उरलेल्या महिन्यांतून तारीख निवडताना दिनदर्शिकेतली तिथी पाहावी, कारण बेटावरचा दिवस घड्याळापेक्षा भरतीवर अधिक चालतो.

बहुतेक किनाऱ्यांवर दिवसाला दोन भरत्या येतात आणि दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटांचे अंतर असते. त्यामुळे आज सकाळी ९ वाजता आलेली भरती उद्या १० वाजण्याच्या सुमारास येते. अमावास्या आणि पौर्णिमेला सूर्य, चंद्र आणि पृथ्वी एका रेषेत येतात, दोघांची ओढ एकत्र होते आणि त्या दिवशी किंवा त्यानंतरच्या एक-दोन दिवसांत उधाणाची भरती येते. अष्टमीच्या आसपास सूर्य आणि चंद्र काटकोनात असतात, त्यामुळे पाणी कमी चढते आणि कमी उतरते. यालाच भांगाची भरती म्हणतात. किती चढते हे जागेवर अवलंबून आहे. कॅनडातल्या फंडीच्या उपसागरात भरती आणि ओहोटी यांतला फरक १६ मीटरपर्यंत जातो, तर भूमध्य समुद्राच्या बऱ्याच किनाऱ्यांवर तो अर्ध्या मीटरहूनही कमी असतो. ज्या बेटावर जायचे आहे तिथला हा आकडा आधी माहीत करून घ्यावा.

नवख्या माणसाची सर्वांत मोठी गैरसमजूत अशी असते की पाणी सहा तास एकसारख्या गतीने चढते. तसे होत नाही. खलाशांचा जुना ठोकताळा असा आहे की पहिल्या तासात एकूण चढाचा बारावा हिस्सा, दुसऱ्यात दोन हिस्से, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात पुन्हा एक हिस्सा पाणी चढते. म्हणजे एकूण फरक ६ मीटरचा असेल तर पहिल्या तासात पाणी जेमतेम अर्धा मीटर वर येते, पण तिसऱ्या तासात दीड मीटर येते. पुळण सपाट असेल आणि दर ५० मीटरला १ मीटर एवढाच उतार असेल, तर त्या एका तासात पाण्याची कड ७५ मीटर आत सरकते. ओहोटीला चालत पलीकडच्या खडकांपर्यंत गेलेली मंडळी याच तासात अडकतात, कारण पहिल्या तासातली संथ गती पाहून त्यांना अजून भरपूर वेळ आहे असे वाटलेले असते.

तारखेबाबत माझा सल्ला स्पष्ट आहे : पहिली सहल वद्य अष्टमी ते दशमी या दिवसांत आखावी. भांगाचे दिवस असल्याने पाण्याची ओढ तुलनेने सौम्य असते, आणि चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास किंवा त्याहून उशिरा उगवतो, त्यामुळे संध्याकाळपासून कितीतरी तास आकाश काळेभोर आणि ताऱ्यांनी भरलेले मिळते. अमावास्येचे आकर्षण मी नाकारत नाही. ज्या पाण्यात चमकणारे सूक्ष्मजीव असतात तिथे लाटेच्या कडेवरचा निळसर उजेड अमावास्येच्या काळोखातच नीट दिसतो, आणि उधाणाच्या खोल ओहोटीत एरवी पाण्याखाली असलेल्या खडकांतली डबकी उघडी पडतात. पण ते दुसऱ्या किंवा तिसऱ्या सहलीसाठी राखून ठेवावे. तोवर भरतीचे वेळापत्रक वाचण्याची सवय झालेली असते.

दुसरी पायरी : जाण्याआधी येण्याचा विचार

बोटीचे तिकीट घेताना शेवटची बोट किती वाजता आहे आणि हवा बिघडल्यास बोट रद्द झाली तर पर्याय कोणता, हे दोन प्रश्न आधी विचारावेत. बेटावरून निघाल्यावर त्याच दिवशी विमान किंवा लांबची गाडी पकडण्याचा बेत करू नये. मध्ये निदान एक दिवस मोकळा ठेवावा. हा दिवस वाया जात नाही. समुद्र खवळला तर तो उपयोगी पडतो, नाहीतर किनाऱ्यावर निवांत फिरण्यात जातो.

काही बेटांना बोट लागतच नाही, ओहोटीत उघड्या पडणाऱ्या रस्त्याने तिथे जाता येते. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरचे लिंडिसफार्न हे अशा बेटांचे प्रसिद्ध उदाहरण आहे. तिथला रस्ता दिवसातून दोनदा पाण्याखाली जातो आणि पार करण्याच्या सुरक्षित वेळा प्रसिद्ध केलेल्या असतात. अशा वेळा अंदाज म्हणून न घेता नियम म्हणून घ्याव्यात.

लहान बोटीत सामान हातोहात दिले जाते, म्हणून चाकांच्या टणक बॅगेपेक्षा मऊ पिशवी सोयीची असते. फोन, औषधे, कागदपत्रे आणि कपड्यांचा एक कोरडा जोड जलरोधक पिशवीत वेगळा ठेवावा. बोट लागण्याचा त्रास असेल तर गोळी प्रवास सुरू होण्यापूर्वी घ्यावी लागते, मळमळ सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही. कोणती गोळी हे डॉक्टरांना विचारून ठरवावे. बसायला बोटीचा मधला भाग घ्यावा, कारण तिथे हेलकावे सर्वांत कमी जाणवतात, आणि नजर क्षितिजावर ठेवावी.

तिसरी पायरी : जागा पारखा

माझ्या मते सहल चांगली होणार की नाही, हे याच पायरीवर ठरते. जाहिरातीत ‘अगदी पाण्याला लागून’ असे लिहिलेले असते आणि ते वाचून मोह होतो. परंतु पाण्याला लागून म्हणजे उघड्या वाऱ्यात, खाऱ्या तुषारांत आणि बहुधा मऊ वाळूवर. त्यापेक्षा पुळणीच्या मागे, झाडांच्या किंवा टेकाडाच्या आडोशाला, किंचित उंचावर असलेली राहुटी कितीतरी सुखाची असते. तिथून समुद्रापर्यंत दोन-तीन मिनिटे चालावे लागते, पण रात्री झोप लागते.

प्रत्येक बेटाला वाऱ्याकडची एक बाजू असते आणि आडोशाची एक. त्या महिन्यात वारा प्रामुख्याने कोणत्या दिशेने येतो हे जागेच्या मालकाला विचारावे आणि नकाशावर राहुटी कोणत्या बाजूला आहे ते पाहावे. याखेरीज किनाऱ्याचा रोजचा असा एक वारा असतो. दिवसा जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्रावरून खारे वारे आत येतात. रात्री जमीन लवकर थंड होते आणि मतलई वारे उलट दिशेने वाहू लागतात. मोठ्या बेटावर हा फेरा स्पष्ट जाणवतो, अगदी लहान बेटावर त्यापेक्षा खुल्या समुद्रावरच्या वाऱ्याचेच राज्य असते. दुपारी खिडकीतून येणारा वारा रात्री बंद होतो आणि आतली हवा कोंदट होते, म्हणून ज्या राहुटीला समोरासमोर दोन झडपा आहेत तीच निवडावी.

वाऱ्याचा अंदाज वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवावी : कापडावर पडणारा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वारा ताशी २० किलोमीटरवरून ४० वर गेला तर दाब दुप्पट होत नाही, चौपट होतो. फ्रान्सिस ब्यूफोर्ट या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याने १८०५ साली मांडलेली वाऱ्याची मापनश्रेणी आजही वापरात आहे आणि ती ग्लॅम्पिंगला फार उपयोगी पडते. पाचव्या श्रेणीत, म्हणजे ताशी २९ ते ३८ किलोमीटर वेगाला, लहान झाडे डोलू लागतात. राहुटी फडफडते, पण काळजीचे कारण नसते. सहाव्या श्रेणीत, ३९ ते ४९ किलोमीटर वेगाला, मोठ्या फांद्या हलतात आणि छत्री धरणे कठीण होते. अशा अंदाजाच्या रात्री मालकाशी आधीच बोलून घ्यावे. त्यापुढच्या अंदाजाला पक्क्या भिंतींच्या इमारतीत झोपावे, आणि अशी इमारत चालत जाण्याच्या अंतरावर आहे का, हे आरक्षण करण्यापूर्वीच विचारून ठेवावे. या प्रश्नाचे सरळ उत्तर न देणाऱ्या ठिकाणी मी पैसे भरणार नाही.

चौथी पायरी : आता तंबू निवडा

मध्यभागी एकच डांब असलेली शंकूच्या आकाराची बेल राहुटी सर्वांत जास्त दिसते. तिचा गोल, उतरता आकार वारा अंगावरून सरकू देतो, पण कडेला उंची कमी असल्याने उंच माणसाला वाकावे लागते. सरळ भिंतींची सफारी राहुटी ऐसपैस असते, लाकडी ओट्यावर उभी असते आणि कुटुंबाला सोयीची पडते. मात्र तिच्या सपाट भिंती वारा अडवतात, म्हणून तिला आडोसा हवाच. त्रिकोणी जाळीच्या सांगाड्याचा घुमट, ज्याच्या रचनेचे पेटंट बकमिन्स्टर फुलर यांना १९५४ साली मिळाले, वाऱ्यापुढे सर्वांत खंबीर ठरतो. पण त्यावरचे आवरण प्लास्टिकचे आणि काही भाग पारदर्शक असेल तर तो उन्हात काचगृहासारखा तापतो आणि पहाटे आतून थेंब गळू लागतात. उष्ण प्रदेशातल्या बेटावर सावलीशिवाय उभा असलेला घुमट घेऊ नये.

कापडाबाबत माझा कल सुती किंवा सुतीमिश्रित कॅनव्हासकडे आहे. ते हवा आत-बाहेर जाऊ देते, आणि ओले झाले की धागे फुगून विणीतली छिद्रे बुजतात. त्याचा दोष म्हणजे ते ओले राहिले तर बुरशी धरते. म्हणून छायाचित्रांत भिंतीच्या खालच्या कडेला काळे ठिपके दिसतात का, हे मोठे करून पाहावे. ते दिसले तर जागेची निगा कशी राखली जाते याची कल्पना येते.

पाचवी पायरी : पाणी, वीज आणि शौचालय

लहान बेटावरचे विहिरीचे पाणी म्हणजे पावसाचे जमिनीत मुरलेले आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगणारे गोडे पाणी असते. गोडे पाणी किंचित हलके असल्यामुळे ते भिंगाच्या आकारात वर राहते. घायबेन-हर्झबर्ग या नावाने ओळखला जाणारा संबंध सांगतो की समुद्रसपाटीच्या वर १ मीटर गोडे पाणी असेल तर सपाटीखाली ते सुमारे ४० मीटर खोल असते. याचाच अर्थ असा की उपसा करून वरची पातळी १ सेंटीमीटर उतरवली तर कालांतराने खालून खारे पाणी सुमारे ४० सेंटीमीटर वर येते, आणि एकदा खारावलेली विहीर पुन्हा गोडी व्हायला दीर्घ काळ लागतो. मिनिटाला १० लीटर पाणी सोडणाऱ्या शॉवरखाली ८ मिनिटे उभे राहिले तर ८० लीटर पाणी जाते. बादलीत आंघोळ १५ ते २० लीटरमध्ये होते. बेटावर राहणाऱ्या लोकांना हेच पाणी वर्षभर पुरवायचे असते, तेव्हा पाहुण्याने आंघोळीत काटकसर करणे मला सौजन्याचे नव्हे, तर कर्तव्याचे वाटते.

पिण्याचे पाणी कुठून येते आणि ते कसे शुद्ध केले जाते, हे स्वतंत्रपणे विचारावे. वीज बहुधा सौर पटलांतून बॅटरीत साठवलेली असते. १,५०० वॅटचे केस वाळवण्याचे यंत्र १० मिनिटे चालवले तर २५० वॅट-तास वीज खर्च होते. तेवढ्यात ५ वॅटचा दिवा ५० तास जळतो. म्हणून उष्णता निर्माण करणारी उपकरणे घरीच ठेवावीत आणि फोनसाठी एक भरलेली पॉवर बँक जवळ बाळगावी. शौचालय कंपोस्ट पद्धतीचे असेल तर प्रत्येक वापरानंतर त्यात भुसा टाकावा आणि साबणाचे पाणी ओतू नये. एवढे पाळले तर दुर्गंधी येत नाही.

सहावी पायरी : सामान

यादी लहान ठेवावी. भरतीचे छापील वेळापत्रक, डोक्याला बांधायचा लाल उजेडाची सोय असलेला दिवा, वारा अडवणारे पातळ जाकीट, खडकांवर चालण्यासाठी बंद पादत्राणे, प्रथमोपचाराची पेटी, नेहमीची औषधे दोन दिवस जास्तीची आणि पुरेशी रोख रक्कम एवढे घेतले तरी चालते. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार कोरडी वाळू सुमारे १५ टक्के आणि समुद्राचा फेस सुमारे २५ टक्के अतिनील किरण परावर्तित करतो. म्हणजे छत्रीखाली बसल्यावरही ऊन खालून लागते. लांब बाह्यांचा सैल सुती सदरा आणि रुंद काठाची टोपी यांना पर्याय नाही.

सातवी पायरी : पोहोचल्यावरचा पहिला तास

पिशव्या उघडण्यापूर्वी राहुटीभोवती एक चक्कर मारावी. तणावे, म्हणजे राहुटी ताणून धरणाऱ्या दोऱ्या, ताठ आहेत का, मेखा वाळूत सैल झाल्या आहेत का, वर वाळलेली फांदी किंवा नारळाचा घड लोंबतो आहे का, हे पाहावे. मऊ वाळूत साधी मेख टिकत नाही. जाणकार माणसे फळी किंवा वाळूने भरलेली पोती आडवी पुरून तणावा तिला बांधतात, आणि तशी व्यवस्था दिसली की मालकाला किनारा कळतो असे समजावे. त्यानंतर पुळणीवर जाऊन मागच्या भरतीने सोडलेली शेवाळाची आणि शिंपल्यांची रेघ शोधावी. राहुटी त्या रेघेच्या बरीच वर असायला हवी, आणि टॉवेल, चपला, मुलांची खेळणीही त्या रेघेच्या वरच ठेवावीत.

आगीबाबत कोणतीही सवलत घेऊ नये. शेगडी, कोळशाची बार्बेक्यू किंवा तिचे विझत आलेले निखारे ऊब मिळावी म्हणून राहुटीत आणणे जिवावर बेतते, कारण त्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नसतो आणि वासही नसतो. आत लाकडाची चूल बसवलेली असेल तर या वायूची सूचना देणारे यंत्र तिथे आहे आणि चालते, याची खात्री करून घ्यावी. पुळणीवर शेकोटीला परवानगी असेल तर ती पाण्याने विझवावी. वाळू टाकून झाकलेले निखारे तासन्‌तास गरम राहतात आणि सकाळी अनवाणी धावणाऱ्या मुलांचे पाय भाजतात.

समुद्रात उतरण्यापूर्वी दहा मिनिटे नुसते उभे राहून पाणी पाहावे. लाटा फुटत असताना मध्येच एखादा पट्टा शांत आणि गडद दिसत असेल, तर तिथे उतरण्याचा मोह होतो. पण बहुधा तिथूनच पाणी आत ओढले जात असते. अशा ओढीत सापडल्यास किनाऱ्याच्या दिशेने झगडू नये. तरंगत राहावे, हात वर करून मदत मागावी आणि शक्ती असेल तर किनाऱ्याला समांतर पोहून ओढीतून बाजूला व्हावे.

रात्रीच्या दिव्यांविषयी मला थोडे अधिक सांगायचे आहे. समुद्री कासवांची पिल्ले अंड्यांतून बाहेर पडली की सर्वांत उजळ क्षितिजाकडे धावतात, आणि काळोख्या किनाऱ्यावर ते क्षितिज समुद्राचे असते. राहुटीसमोर टांगलेल्या पांढऱ्या दिव्यांच्या माळा त्यांना जमिनीकडे वळवतात आणि पाण्यापर्यंत न पोहोचता ती मरतात. कासवे येत असलेल्या बेटावर बाहेरचे दिवे लाल किंवा गडद पिवळसर, खाली झुकलेले आणि झाकलेले असावेत. नसतील तर ते विझवण्याची विनंती मालकाला करावी. दिवे विझले की तारेही दिसू लागतात, तेव्हा या विनंतीला शेजारचे पाहुणे सहसा हरकत घेत नाहीत.

संध्याकाळी आणि पहाटे चावणाऱ्या बारीक माश्या हा बेटावरचा खरा उपद्रव आहे. त्या अशक्त उडतात, म्हणून लहानसा पंखा किंवा वाहता वारा त्यांना दूर ठेवतो. दिवेलागणीपूर्वी राहुटीची जाळी लावून घेणे हा त्याहून सोपा उपाय.

आठवी पायरी : निघताना

आदल्या संध्याकाळी बोटीची वेळ पुन्हा विचारून घ्यावी, कारण भरतीनुसार ती बदललेली असू शकते. कचरा बेटावर न सोडता आपल्याबरोबर परत न्यावा. लहान बेटांवर तो टाकायला जागाच नसते. शंख-शिंपले उचलू नयेत, रिकाम्या शंखांत संन्यासी खेकडे घर करतात. घरी पोहोचल्यावर पिशव्यांच्या चेन, चपलांचे बंद, कॅमेऱ्याची तिपाई आणि दिवा गोड्या पाण्याने पुसून किंवा धुऊन सावलीत पूर्ण वाळवावा, कारण मीठ हवेतला ओलावा ओढून घेत राहते आणि दोन आठवड्यांनी पिशवी काढली तर चेन जागची हलत नाही. वाळल्यावर चेनच्या दातांवर मेणबत्ती एकदा घासून ठेवली की ती पुढच्या सहलीला सरकते.